बोगोटात एक आठवडा: आधी वार बघा, मग नकाशा

कोलंबियाला जाणारे बहुतेक जण बोगोटाला दोन दिवस देतात आणि कार्ताहेनाचं किंवा मेदेयीनचं विमान पकडतात. मी आणि आई मात्र पूर्ण आठवडा बोगोटातच राहिलो. कुणी विचारलं तर मी हेच सांगेन, की या शहराला आठवडा द्याच. फक्त तो आखताना आधी कॅलेंडर उघडा.

कारण असं. सुवर्ण संग्रहालय सोमवारी बंद असतं, बोतेरो संग्रहालय मंगळवारी. ग्वाताविताचं तळं सोमवारी बंद, आणि सोमवारी सणाची सुट्टी आली तर त्याऐवजी मंगळवारी. मोन्सेराते डोंगराची पायवाट मंगळवारी बंद. सायकलींसाठी मोठे रस्ते मोकळे होतात ते रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी, उसाकेनचा बाजारही रविवारचाच. शिवाय कोलंबियात बऱ्याच सुट्ट्या कायद्यानेच पुढच्या सोमवारी ढकलल्या जातात, म्हणजे लांबलेले शनिवार-रविवार वर्षभर येत राहतात. तुमच्या तारखांत असा सोमवार येतोय का, ते तिकीट काढण्याआधी बघा.

दुसरी गोष्ट उंचीची. बोगोटा समुद्रसपाटीपासून २,६४० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जवळपास हजार मीटर वर. विमानातून उतरल्यावर सामान ओढतानाच धाप लागते, पहिल्या रात्री झोप तुटक येते, डोकं जड होतं. दोन दिवसांत शरीर सरावतं. तोवर भरपूर पाणी, हलकं जेवण आणि सपाटीवरचं फिरणं एवढंच ठेवा. आईला रक्तदाबाचा त्रास आहे, म्हणून निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून घेतलं होतं. ज्येष्ठांना नेणाऱ्या प्रत्येकाने ते करावं.

तिसरी गोष्ट पावसाची. शहर विषुववृत्ताजवळ असल्यामुळे उन्हाळा-हिवाळा असा फरक नाही. वर्षभर दिवसा १८-२० अंश, रात्री आठ-नऊपर्यंत उतरतं. मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर पावसाचे, डिसेंबर ते फेब्रुवारी आणि जुलै-ऑगस्ट त्या मानाने कोरडे. पण कोरड्या महिन्यातही दुपारी आभाळ भरून येतं. म्हणून उघड्यावरचं सगळं सकाळी आणि छपराखालचं दुपारी, हा नियम आम्ही रोज पाळला आणि तो रोज कामाला आला. स्वेटर, पातळ रेनकोट आणि टोपी तिन्ही पिशवीत हवीत. ऊन निघालं की एवढ्या उंचीवर ते चटकन भाजतं.

आम्ही बुधवारी रात्री उतरलो. गुरुवार ठेवला जुन्या शहरासाठी, म्हणजे ला कांदेलारियासाठी. प्लाझा दे बोलिव्हारच्या चारी बाजूंना देशाचा इतिहास उभा आहे: एकीकडे कॅथेड्रल, एकीकडे संसद, एकीकडे महापौरांची कचेरी आणि चौथ्या बाजूला न्यायपालिकेची इमारत. ही इमारत नवी दिसते, कारण आधीची ६ नोव्हेंबर १९८५ रोजी एम-१९ या बंडखोर गटाने ताब्यात घेतली, लष्कराने ती परत घेतली आणि त्यात ती जळाली. शंभरच्या आसपास माणसं मेली, त्यांत सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीशही होते. तिथून थोडं उत्तरेला, कार्रेरा सात आणि अव्हेनिदा हिमेनेसच्या कोपऱ्याजवळ भिंतीवर पाट्या आहेत. ९ एप्रिल १९४८ ला होर्हे एलिएसेर गाइतान या लोकप्रिय नेत्याला तिथे गोळ्या घातल्या गेल्या आणि संतापलेल्या जमावाने शहर पेटवलं. चौक नुसता छायाचित्रापुरता न बघता या दोन जागा माहीत करून घेऊन फिरलात, तर पुढच्या आठवड्याचा अर्थ लागत जातो.

दुपारी बोतेरो संग्रहालय. प्रवेश विनामूल्य. फेर्नांदो बोतेरो या कोलंबियाच्या चित्रकार-शिल्पकाराने आपली १२३ आणि इतरांची ८५ चित्रं-शिल्पं देशाला देऊन टाकली, त्यात मोने, रेन्वार, पिकासो सगळे आहेत. आई गुबगुबीत मोनालिसापुढे खूप वेळ उभी होती. अंगणात बसायला बाक आहेत, पाऊस सुरू झाला तरी अडचण होत नाही. अंधार पडायच्या आत मात्र कांदेलारियातून निघा. रात्री त्या गल्ल्या ओस पडतात. मुक्कामही आम्ही उत्तरेकडे, चापिनेरोत केला होता.

शुक्रवार पूर्ण सुवर्ण संग्रहालयाला दिला. एका तासात ते उरकणारे गट तिथे बरेच दिसतात. मला ते पटत नाही. मध्यवर्ती बँकेने १९३९ मध्ये सुरू केलेल्या या संग्रहात सोन्याच्या हजारो वस्तू आहेत, पण तिथे समजून घेण्यासारखं आहे ते स्पॅनिश येण्याआधीच्या मूळ रहिवासी कारागिरांचं काम. आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर मातीचा साचा, मेण वितळवून काढायचं आणि त्या जागी धातू ओतायचा. बस्तरच्या ढोकऱ्याची रीत हीच. बरेचसे दागिने शुद्ध सोन्याचे नाहीत, सोनं आणि तांब्याच्या मिश्रधातूचे आहेत. या लोकांना सोन्याच्या किमतीपेक्षा त्याचा रंग, चमक आणि देवाला वाहण्याचं पुण्य मोलाचं होतं.

वरच्या मजल्यावर मुइस्का, म्हणजे बोगोटाच्या पठारावरच्या मूळ रहिवाशांचा, सोन्याचा तराफा आहे. जेमतेम वीस सेंटिमीटर लांब. मधोमध मोठा सरदार, भोवती लहान माणसं. १९६९ मध्ये पास्का गावाजवळच्या गुहेत तो सापडला. ग्वाताविताच्या तळ्यात नवा सरदार अंगाला सोन्याची भुकटी फासून तराफ्यावरून मध्यभागी जायचा आणि सोनं-पाचू पाण्यात वाहायचा, असं स्पॅनिश बखरकारांनी लिहून ठेवलं होतं. एल दोरादोची, म्हणजे सोन्याने माखलेल्या राजाची, सगळी दंतकथा त्यातून निघाली. त्या वर्णनाला जुळणारी वस्तू इथे समोर दिसते. म्हणून माझा आग्रह आहे: तळ्यावर जाण्याआधी हे संग्रहालय बघा, उलट क्रमाने नको. रविवारी इथे प्रवेश फुकट असतो, पण गर्दीत त्या तराफ्यापुढे उभंही राहता येत नाही. तिकीट किरकोळ आहे, ते काढून साध्या वारी या.

या क्रमातली मधली कडी म्हणजे सिपाकिरा हे गाव. मुइस्कांच्या प्रदेशात सोनं फारसं नव्हतंच. ते मातीच्या भांड्यांत खारं पाणी आटवून मीठ करत आणि मीठ, सुती कापड, पाचू देऊन सोनं आणत. ते मीठ जिथून यायचं, त्या सिपाकिराच्या खाणीत आज जमिनीखाली सुमारे १८० मीटरवर कॅथेड्रल आहे. सध्याचं १९९५ चं, त्याआधीचं १९५४ चं असुरक्षित ठरल्याने बंद झालं. आम्ही शनिवारी पोर्ताल नोर्ते या उत्तरेकडच्या शेवटच्या स्थानकापर्यंत त्रान्समिलेनियो या शहर बसने आणि पुढे दुसऱ्या बसने गेलो. पर्यटकांची आगगाडीही सुट्टीच्या दिवशी जाते, पण तिच्यात जाऊन-येऊन पूर्ण दिवस संपतो. आतला उतार सोपा आहे, आईला गुडघ्याचा त्रास झाला नाही. रंगीत दिव्यांचा भपका थोडा कमी असता तर मला आवडलं असतं.

त्रान्समिलेनियोबद्दल पुणेकरांना वेगळं सांगायला हवं. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेली ही लाल बसची व्यवस्था. पुण्यात २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्ग, आली, त्या चर्चांत बोगोटाचं नाव सतत असायचं. इथे मार्ग खरोखर वेगळा आहे, स्थानकं बंदिस्त, कार्ड आधी टेकवून आत जायचं, आणि एकामागोमाग एक लांबलचक बस. पण गर्दीच्या वेळी पाय ठेवायला जागा नसते आणि पाकीटमारही असतात. सकाळी नऊ ते चार या वेळेतच वापरा. तुयावे नावाचं कार्ड स्थानकावर मिळतं. मेट्रोचं काम सुरू असल्याने अव्हेनिदा काराकासवर वेळ जास्त धरा. रात्री मात्र ॲपवरून किंवा हॉटेलमधून बोलावलेलीच टॅक्सी, रस्त्यावर हात करून थांबवलेली नाही. फोन चालताना हातात नको. काही बघायचं असेल तर दुकानात शिरून बघा.

पत्ते शोधणं सोपं आहे. पूर्वेला डोंगरांची रांग कुठूनही दिसते. डोंगराला समांतर, उत्तर-दक्षिण जाणारे रस्ते कार्रेरा, त्यांना छेदणारे काये. कायेचा आकडा उत्तरेकडे वाढतो, कार्रेराचा डोंगरापासून लांब जाताना. हे एकदा डोक्यात बसलं की नकाशा क्वचितच लागतो.

रविवार. आठवड्याची तारीख काहीही ठरवा, एक रविवार बोगोटात हवाच. सकाळी सात ते दुपारी दोन शहरातले शंभराहून जास्त किलोमीटर रस्ते मोटारींना बंद होतात. १९७४ पासून हे चालू आहे. ज्या कार्रेरा सातवर एरवी बसचा धूर असतो, तिथे लहान मुलं सायकल शिकत असतात, आजोबा कुत्र्याला घेऊन रस्त्याच्या मधून चालतात, कडेला पंक्चर काढणारे आणि संत्र्याचा रस विकणारे बसलेले असतात. बागेत वाद्यांच्या तालावर शेकडो लोकांचा व्यायाम चालतो आणि तुम्हालाही हात धरून ओळीत घेतात. आई आधी लांब उभी राहिली, मग मीच पर्स सांभाळत बसले. पैसे न मोजता, तिकीट न काढता या शहरातली माणसं भेटतात ती इथे. त्याच रस्त्याने उत्तरेला गेलं की उसाकेन. बाजार छान आहे, भाव जास्त आहेत.

सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद, म्हणून मोन्सेराते. ३,१५२ मीटर. उंचीची सवय झाल्यावरच तिथे जावं, पहिल्या दिवशी नको. साध्या सोमवारी गर्दी कमी असते. सणाचा सोमवार असेल तर मात्र टाळा. वर फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी रुळांवरची गाडी, किंवा केबल कारने जाता येतं. पायऱ्यांची वाट दमवणारी आहे, आणि भाविक ती पहाटे चढतात. सकाळी आठच्या आत पोहोचलात तर अख्खं पठार स्वच्छ दिसतं, अकरानंतर ढग येतात. पायथ्यापासून परत येताना चालू नका, टॅक्सी घ्या.

मंगळवारी ग्वाताविता. बस बदलत जाता येतं, पण आईसाठी आम्ही दिवसभराची गाडी केली. आत गटाने, वाटाड्यासोबतच सोडतात. समजावून सांगणं मुख्यतः स्पॅनिशमध्ये, म्हणून आधी वाचून जा. तीन हजार मीटरच्या वर पायऱ्या आहेत, त्या बसत-बसत चढायच्या. तळं गोल, हिरवट, पूर्ण शांत, आणि काठाला एका बाजूला मोठी खाच. सोळाव्या शतकात अंतोनियो दे सेपुल्वेदा नावाच्या व्यापाऱ्याने पाणी काढायला डोंगरच कापला, ती ही खाच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका इंग्रज कंपनीने तळं उपसलं, तर तळाचा गाळ उन्हात दगडासारखा घट्ट झाला आणि खोदता येईना. १९६५ मध्ये सरकारने हे सगळं थांबवलं. संग्रहालयातला तराफा आठवत ती खाच बघताना मला राग आला, आणि तो यायलाच हवा.

शेवटच्या बुधवारी सकाळी पालोकेमाओ मंडई. फुलांचा भाग बघायचा तर सातच्या आत. फळांत लुलो, ग्रानादिया, कुरुबा चाखा. पेरू, पपई, फणसाच्या नात्यातलं काही शोधू नका, अनोळखी तेच घ्या. शाकाहारींसाठी इथला रस आणि फळं हा मोठा आधार. बाकी जेवणात सावध राहा. बोगोटाचं प्रसिद्ध आहियाको हे सूप कोंबडीचं, राजम्यात बहुधा डुकराचं मांस असतं, साध्या भाजीच्या सूपलाही कोंबडीचं पाणी. ‘मांस नको’ एवढं सांगून पुरत नाही, कोंबडी आणि मासेही नकोत हे वेगळं सांगावं लागतं. आईचं पोट भरलं ते आरेपा म्हणजे मक्याची जाड भाकरी, पाताकोन म्हणजे चेपून तळलेली कच्ची केळी, मसूर, भात, ॲव्होकॅडो आणि चीजचे गोल पाव यांवर. थंडीत गरम आग्वापानेला घ्या: गूळ घातलेलं उकळतं पाणी. गुळाच्या उत्पादनात भारताखालोखाल कोलंबियाच आहे, आणि ढेप बघून आईला फार आनंद झाला.

दुपारी फ्राग्मेंतोस हे युद्धाचं स्मारक. याचं नाव सहलीच्या याद्यांत क्वचित असतं. २०१६ च्या शांतता करारानंतर फार्क बंडखोरांनी टाकलेली शस्त्रं वितळवून दोरिस साल्सेदो या शिल्पकार बाईंनी त्या धातूच्या फरश्या इथे बसवल्या, ३७ टन धातू. साच्यांसाठीचे पत्रे ठोकले ते युद्धात लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांनी. आपण त्या काळ्या, खडबडीत जमिनीवर चालतो. स्त्रियांची चित्रफीत बघा आणि मगच फिरा. प्रवेश विनामूल्य, सोमवारी बंद, आणि जाता-येता टॅक्सी.

निघण्यापूर्वीचं थोडं. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. अमेरिकेचा किंवा शेंगेनचा व्हिसा असलेल्यांना सवलत आहे, पण त्यात किती मुदत उरलेली असावी याच्या अटी आहेत, त्या कोलंबियाच्या परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर वाचा. विमानाच्या आधी चेक-मिग हा अर्ज ऑनलाइन भरायचा. वीज ११० व्होल्टची, त्यामुळे आपली पाणी तापवायची किटली नेऊ नका. आणि पीतज्वराची लस: प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. कोलंबियातून परतताना भारतात लस घेतल्याचं पिवळं कार्ड मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. कार्ड मोठ्या बॅगेत टाकू नका, पासपोर्टसोबतच ठेवा.