व्हर्नियर घेऊन शारजा बघायला

बॅग घेऊन दारातून बाहेर पडलो तर शेजारच्या काकू पायरीवर तांदूळ निवडत बसलेल्या. "कुठं जाऊलास रे एवढं सामान घेऊन?"

एजंटानं पढवून ठेवलं होतं, कुणीही विचारलं तरी 'फिरायला' म्हणायचं. तसं म्हणालो. काकू हसल्या. अकरा वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर उभा असलेला माणूस शारजा फिरायला निघालाय! माझी पहिली चौकशी तिथंच फसली होती, मला कळलं नाही एवढंच.

रात्रीची स्लीपर. काकती, हत्तरगीचा टोलनाका, संकेश्वर, निपाणी आणि मग कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरची कोगनोळी. आमच्या येळ्ळूरच्या माणसाला सीमा म्हणजे काय ते सांगायला नको. गावाबाहेरचा 'महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर' हा फलक २०१४ च्या जुलैत हटवला, तेव्हा लाठ्या खाल्लेली माणसं माझ्या गल्लीत आहेत. सीमाप्रश्नाचा सुप्रीम कोर्टातला दावा २००४ पासूनचा. पण खुद्द कोगनोळीला एरवी कोण काय विचारतं? २०२१ मध्ये आरटीपीसीआरचा कागद मागत होते, मला ठाऊक असलेली सीमेवरची तपासणी तेवढीच. त्या रात्री तर मी घोरत महाराष्ट्रात गेलो.

मुंबई विमानतळावर मोठी बॅग चेक-इन करून इमिग्रेशनच्या रांगेत लागलो. साहेबांनी पासपोर्ट उलटा-सुलटा केला.

"किसलिए जा रहे हो?"

"घूमने."

हॉटेल कुठलं, परतीचं तिकीट कधीचं, खिशात किती पैसे, तिथं ओळखीचं कोण. हॉटेलचं नाव मी दोनदा चुकवलं. मग बाजूला बसवलं आणि हातातली बॅग उघडायला लावली. वर किलोभर कुंदा, आमची बेळगावची मिठाई, शारजातल्या मित्रासाठी. त्याखाली फडक्यात गुंडाळलेला माझा व्हर्नियर, लेथवरच्या कामाचं बारीक माप घ्यायचं साधन. मोठ्या बॅगेत आपटेल म्हणून जवळ ठेवला होता. साहेबांनी तो हातात घेऊन सरकवून बघितला, कुठल्याशा हवालदाराला दाखवला. तो मराठी निघाला. "काय हो, बुर्ज खलिफाचं माप घेणार काय?"

मला हसूही आलं नाही.

अडचण व्हर्नियरची नव्हती, पासपोर्टाची होती. माझा पासपोर्ट ईसीआर, म्हणजे 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड'. १९८३ च्या कायद्यानुसार असा पासपोर्ट असलेला माणूस आखाती देशांसह १८ देशांत कामाला निघाला, तर आधी एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो. मालकाचा करार, नोकरीचा व्हिसा, विमा, सगळं ईमायग्रेट या सरकारी पोर्टलवर चढवून घ्यायचं. माझ्याकडे होता दोन महिन्यांचा व्हिजिट व्हिसा. "तिथं गेल्यावर बदलून देतात की," असं एजंट म्हणाला होता. व्हिजिटवर काम करणं हा तिथं गुन्हा आहे, हे त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. माझे नव्वद हजार त्याच्याकडे होते, विचारायची भीती वाटत होती म्हणा ना. नोंदणी असलेल्या एजंटाला ३० हजार आणि वर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही, हेही मला नंतर कळलं.

खरी चिडचिड वेगळीच. दहावी पास असलेल्याला ईसीआर लागत नाही, आणि मी दहावी पास आहे! पण शाळेत कर्नाटकी पद्धतीनं नाव लागलेलं, वडील आणि आडनाव दोन्ही इनिशियलमध्ये. आधारवर मात्र आमच्या घरच्या पद्धतीनं सबंध नाव. दोन्ही जुळेनात म्हणून पासपोर्टाचा फॉर्म भरणाऱ्यानं एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं, मार्क्सकार्ड जोडलंच नाही. "राहू दे, काय फरक पडतोय!"

मला काही विमानात चढू दिलं नाही. विमानात चढलेली बॅग उतरवून हातात यायला साडेतीन तास गेले. तोवर मी बाकावर. समोरून विमानं सुटत होती, त्यातलं माझं कुठलं ते शोधायचा प्रयत्नही केला. एजंट फोन उचलेना. पहाटे उचलला तर म्हणाला, "टेन्शन घेऊ नको, पुढल्या टायमाला कोचीवरून पाठवतो." मी फोन कट केला. पुढं चार महिने मागे लागून चाळीस हजार सुटले, बाकीचे गेले.

परतीच्या बसमध्ये झोप लागली नाही. कागलच्या पुढं दूधगंगा ओलांडली, कोगनोळी आली आणि कुणी काहीही न विचारता मी पुन्हा कर्नाटकात. शेजारचा म्हातारा निपाणीला उतरणार होता. कुंद्याचा डबा त्याच्यापुढं धरला. "बेळगावचा बेळगावला परत नेऊलास?" म्हणाला, आणि थोडा उचलला.

आता नावाचं ॲफिडेव्हिट केलंय. मार्क्सकार्ड जोडून, १५०० रुपये भरून पासपोर्ट री-इश्यूला टाकलाय. लेथवर मात्र परतल्या परतल्याच उभा राहिलो. शेठना आठ दिवसांची रजा सांगून गेलो होतो, तिसऱ्याच दिवशी हजर झालो. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त म्हणाले, "व्हर्नियर आणलास काय? तुझ्या मशीनवरचा कुणीतरी पाडलाय."