तुम्ही विचारलंत म्हणून: कवी बा. सी. मर्ढेकरांच्या आधी परिचयाचं पुस्तक वाचावं का?

"मर्ढेकर वाचायचेत, पण कळत नाहीत. आधी त्यांच्या जीवनाची आणि साहित्याची ओळख करून देणारं एखादं छोटं पुस्तक वाचू का?" पुण्यात मराठी शिकवते म्हणून हा प्रश्न मला वर्गात येतो, तसाच अप्पा बळवंत चौकात पुस्तकं चाळताना भेटलेल्या जुन्या विद्यार्थ्यांकडूनही येतो. माझं उत्तर असं: जरूर वाचा, पण कवितेनंतर.

मर्ढेकरांची कविता थोडी आहे. 'शिशिरागम' (१९३९), 'काही कविता' (१९४७) आणि 'आणखी काही कविता' (१९५१) हे तिन्ही संग्रह मिळून एका सडपातळ पुस्तकात मावतात. मूळच इतकं हाताशी असताना आधी दुसऱ्याच्या तोंडून ते का ऐकायचं?

त्यांच्या कवितेत दोन तऱ्हांच्या अडचणी येतात. एक काळाची. महायुद्धाच्या सुमाराची मुंबई, फलाट, इंजिनं, गर्दी हे सगळं आजच्या मुलाला सांगावं लागतं आणि परिचयाचं पुस्तक ते चांगलं सांगतं. 'सकाळी उठोनी चहा-कॉफी घ्यावी, तशीच गाठावी वीज-गाडी' ही ओळ घ्या. वीज-गाडी म्हणजे मुंबईची लोकल, हे एका तळटीपेत संपतं. पण या ओळीचा साचा अभंगाचा आहे, आणि तो पुण्याच्या मुलाला कुणी शिकवावा लागत नाही. पालख्या शहरात मुक्कामाला येतात तेव्हा तो त्याच्या कानांवर पडलेला असतो. भक्तीच्या चालीत नोकरदाराचा दिवस बसवला की काय होतं, हे त्याला ओळ मोठ्यानं वाचली की जाणवतं.

दुसरी अडचण प्रतिमांची आहे. ती तशीच राहायला हवी, असं मला अगदी मनापासून वाटतं. म्हणून परिचयाचं पुस्तक निवडताना मी सरळ 'पिपांत मेले ओल्या उंदिर'चं पान उघडते. 'उंदीर म्हणजे यंत्रयुगातला सामान्य माणूस' एवढं सांगून लेखक पुढे गेला असेल, तर ते पुस्तक मी खाली ठेवते. 'माना पडल्या' हे त्या कवितेत दोनदा येतं, एकदा 'मुरगळल्याविण' आणि एकदा 'आसक्तिविण'. मारणारा कुणी दिसत नाही. मधल्या ओळीत ओठांवर ओठ मिळतात, पण तिथे ओढही नाही. या दोन 'विण'पाशी जो थांबतो, त्याच्याबरोबर चार पावलं चालायला माझी हरकत नसते.

चरित्राचं काय? १ डिसेंबर १९०९ ला खानदेशात फैजपूरला जन्म, आकाशवाणीची नोकरी, कवितांवर भरला गेलेला अश्लीलतेचा खटला आणि त्यातून सुटका, २० मार्च १९५६ ला दिल्लीत मृत्यू. वय अवघं ४६. हे माहीत असावं, पण पिपातले उंदीर यातून उलगडत नाहीत. मला जास्त मोलाची वाटते ती १९३९ ते १९४७ ही आठ वर्षं. 'शिशिरागम'मधला हळवा, विरहानं व्याकूळ कवी 'काही कविता'पर्यंत ओळखू येईनासा होतो. मधल्या काळात त्यांनी 'रात्रीचा दिवस' (१९४२) आणि 'तांबडी माती' (१९४३) या कादंबऱ्या लिहिल्या. मनात उसळणारे विचार जसेच्या तसे कागदावर उतरवायचा प्रयोग पहिलीत उघड दिसतो. म्हणजे मोडतोड आधी गद्यात सुरू झाली होती. छोट्या परिचयांत बहुधा या कादंबऱ्यांची परिच्छेदभरात बोळवण होते, आणि तिथेच वाचकाचं खरं नुकसान होतं.

मर्ढेकरांच्याच 'सौंदर्य आणि साहित्य' या सिद्धान्तपर पुस्तकातलं संवाद, विरोध आणि समतोल या लयींचं विवेचन मात्र किल्ली म्हणून कवितेला लावू नका. सिद्धान्त आधी वाचला की मुलं ओळींत फक्त विरोध शोधत बसतात, आणि 'दवांत आलिस भल्या पहाटे'सारखी कविता हातातून निसटते.

तेव्हा आधी कविता, तीही मोठ्यानं. मग छोटा परिचय. मग पुन्हा कविता. समीक्षक विजया राजाध्यक्षांचा मर्ढेकरांच्या कवितेवरचा मोठा अभ्यासग्रंथ त्यानंतर, एखाद्या कवितेबद्दल तुमचं स्वतःचं मत तयार झालं असेल तेव्हा उघडा. त्यांच्याशी वाद घालता येईल.