कानस आणि किटली

जर्मनीत, स्टुटगार्टला आमच्या खालच्या मजल्यावरचा पोरगा 17 वर्षांचा. मेकाट्रॉनिक्स, म्हणजे यंत्रं आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र, शिकतोय. साडेतीन वर्षांचा अप्रेंटिसशिपचा करार, आठवड्याचे तीन-चार दिवस कारखाना, उरलेले व्यवसाय शाळेत, पगार पहिल्या महिन्यापासून. परवा त्याच्या तळहातावरचे फोड दिसले. नुसती कानस मारून आलेले! मीही आयटीआयचा फिटर, ते फोड ओळखीचे.

माझ्या अप्रेंटिसशिपच्या वर्षात मात्र मशीनपेक्षा चहाची किटली जास्त हाताळली. इथे शिकण्याशी संबंध नसलेलं काम द्यायला कायद्यानेच मनाई. काय शिकलो ते पोरगा वहीत लिहितो, शिकवणारा सही करतो. वही नसेल तर शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही, आणि ती परीक्षा कंपनी नाही, उद्योगांचं चेंबर घेतं. इथला हा कायदा 1969 चा. आपला अप्रेंटिस कायदा 1961 चा, म्हणजे आधीचा!

सगळंच गोड नाही. इथे चौथीनंतरच पोरांच्या शाळा आणि वाटा वेगळ्या होतात, ते मला पटत नाही. पण मुलगा काय करतो विचारलं की त्याची आई ताठ मानेनं सांगते. माझी आई पाहुण्यांना ‘इंजिनिअरिंगलाच आहे’ म्हणायची.