लोण्यातले पाणी

२६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलच्या चौथ्या अणुभट्टीत स्फोट झाला आणि पुढचे सुमारे दहा दिवस तिच्यातून बाहेर पडत राहिलेले किरणोत्सर्गी सिझियम वाऱ्याबरोबर युरोपभर पसरले. ते डोक्यावरून जात असताना जिथे पाऊस पडला तिथे ते गवतावर उतरले, आणि आयर्लंडमध्ये मे महिन्याच्या सुरुवातीस नेमके हेच घडले. गवतातून ते गायीच्या दुधात आले. पुढे युरोपीय आर्थिक समुदायाच्या मदतीतून, ऑपरेशन फ्लड या दूधविकास योजनेखाली, सुमारे २०० टन आयरिश लोणी मुंबईत दाखल झाले, तेव्हा काही जागरूक नागरिकांनी त्याच्या वितरणाला हरकत घेतली. प्रकरण आधी मुंबई उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेले. मी त्या काळात ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात, पदार्थातली किरणोत्सर्गिता ओळखण्यासाठी गॅमा किरणांच्या मोजणीचे काम करत होते. आयात दुग्धपदार्थांचे नमुने आमच्याकडे येत असत आणि १९८७ च्या दिवाळीच्या आसपासचा एक दिवस त्यांतल्या एका नमुन्यामुळे कायमचा माझ्या लक्षात राहिला.

लोण्याचा तो नमुना रात्रभर मोजणीला लावलेला होता. शिशाच्या जाड विटांच्या घरात जर्मेनियमचा डिटेक्टर द्रव नायट्रोजनने थंड ठेवलेला असतो, त्याच्यावर नमुन्याचे भांडे बसवायचे आणि येणारा प्रत्येक गॅमा किरण ऊर्जेनुसार वेगळा नोंदला जाऊ द्यायचा, असे हे काम. सकाळी आलेख पाहिला तर ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर सिझियम-१३७ चे शिखर पार्श्वभूमीच्या, म्हणजे भोवताली नेहमीच असणाऱ्या किरणांच्या नोंदीच्या, जेमतेम वर आलेले होते. ६०५ आणि ७९६ वर सिझियम-१३४ चा संशय घेता येईल इतपतच खुणा होत्या. या दुसऱ्या समस्थानिकाला, म्हणजे सिझियमच्याच वेगळ्या वजनाच्या अणूला, आमच्या दृष्टीने फार महत्त्व होते. अण्वस्त्रचाचण्यांच्या जुन्या अवपातात, म्हणजे आकाशातून खाली बसलेल्या किरणोत्सर्गी धुळीत, तो जवळजवळ नसतो आणि त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ, अवघे दोन वर्षांचे असल्यामुळे तो दिसला की प्रदूषण ताजे आणि अणुभट्टीतले आहे हे कळते. चेर्नोबिलमधून तो सिझियम-१३७ च्या साधारण निम्म्या प्रमाणात बाहेर पडला होता, त्यामुळे दीड वर्षानंतर तो एक तृतीयांशाच्या आसपास असायला हवा होता.

निकाल न्यायला दुग्धव्यवसायातले एक ज्येष्ठ रसायनतज्ज्ञ स्वतः आले होते. आकडा मर्यादेच्या पुष्कळ खाली आहे असे मी सांगितले, तरी ते उठले नाहीत. "मॅडम, मर्यादा मला पाठ आहे. त्याच गायीच्या दुधात एवढे होते म्हणतात, मग लोण्यात एवढे कमी का, हे मला समजल्याशिवाय मी कोणाला काय सांगू?" प्रश्न अगदी रास्त होता. आमचे वरिष्ठ तिथेच होते. ते म्हणाले, "साहेब, थांबा, तुमच्या समोरच करून दाखवू."

कित्येक किलो लोणी मंद आचेच्या पाण्यावर वितळवून आम्ही ते अपकेंद्री यंत्रात फिरवले. वर पिवळा स्निग्धांश आणि खाली गढूळ पाणी, असे दोन थर स्वच्छ वेगळे झाले. लोण्यात पाणी जेमतेम सोळा टक्के असते, म्हणून एवढा मोठा नमुना घ्यावा लागला. दोन्ही थर सारख्याच भांड्यांत भरून पाळीपाळीने डिटेक्टरवर ठेवले. संध्याकाळपर्यंत पाण्याच्या भांड्यात ६६२ चे शिखर ठळक उभे राहिले आणि सिझियम-१३४ बद्दलचा संशयही फिटला. स्निग्धांशाच्या भांड्यात मात्र पार्श्वभूमीशिवाय काहीच नव्हते. रसायनतज्ज्ञ बराच वेळ दोन्ही आलेख शेजारी धरून पाहत राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे लोणी कढवले तर तूप निर्मळ, आणि जे काही आहे ते सगळे बेरीत राहणार." आम्ही कोणीही हे इतक्या नेमकेपणाने मांडले नसते.

सिझियम हे पोटॅशियमचे रासायनिक भावंड आहे. ते पाण्यात विरघळते, चरबीत शिरत नाही. दूध घुसळताना ते साय सोडून निवळ दुधात आणि ताकात जाते. माणसाच्या शरीरातही ते आतड्यातून जवळपास पूर्ण शोषले जाऊन पोटॅशियमच्या वाटेने स्नायूंत पसरते आणि मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडते. प्रौढाच्या शरीरातले निम्मे सिझियम जायला साधारण शंभर दिवस लागतात, मुलांच्या शरीरातून ते याहून लवकर जाते. सिझियम-१३७ चे अर्धायुष्य तीस वर्षांचे आहे म्हणून ते तीस वर्षे अंगात राहते, असा समज तेव्हा फार पसरला होता आणि त्याने लोकांची झोप उडाली होती. प्रत्येक प्रौढ माणसाच्या अंगात नैसर्गिक पोटॅशियम-४० चे सुमारे चार हजार बेकरेल (सेकंदाला एका अणूचे विघटन म्हणजे एक बेकरेल) कायम असतात, हेही त्या दिवशी मी त्यांना सांगितले.

पण ही माहिती सांगून लोकांना गप्प करावे असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. त्याच दिवसांत ब्राझीलमधल्या गोयानियाच्या बातम्या येत होत्या. एका सोडून दिलेल्या रुग्णालयातील किरणोपचार यंत्रातून भंगारासाठी काढलेली सिझियम क्लोराइडची कुपी फुटली, अंधारात निळी चमकणारी ती पूड लोकांनी कौतुकाने घरोघरी नेली, आणि सहा वर्षांच्या एका मुलीच्या पोटात ती हाताला लागून जेवणातून गेली. चार माणसे दगावली. तिथे रुग्णांना प्रशियन ब्लू हे रंगद्रव्य औषध म्हणून दिले जात होते, कारण ते आतड्यात सिझियमला धरून ठेवते आणि विष्ठेवाटे बाहेर काढते. मूलद्रव्य तेच, पण त्या कुपीत पन्नास लाख कोटी बेकरेल होते. हा फरक न सांगता नुसता 'सिझियम' हा शब्द उच्चारणे जितके वाईट, तितकेच 'काही नाही, खा' म्हणणेही वाईट.

पुढे सर्वोच्च न्यायालयाने एम. जी. के. मेनन, पी. के. अय्यंगार आणि जी. व्ही. के. राव यांची समिती नेमली. अणुऊर्जा नियामक मंडळाने ठरवलेल्या मर्यादेतले दूध व दुग्धपदार्थ निर्धोक आहेत असा अहवाल तिने दिला आणि १९८८ मध्ये त्या प्रकरणाचा निकाल लागला.

त्या दिवशी निघताना मात्र रसायनतज्ज्ञांनी खरा प्रश्न विचारला. "सिझियम निवळ दुधात जाते, तर मग भुकटीचे काय?" किलोभर भुकटीला अकरा-एक लिटर निवळ दूध आटवावे लागते, त्यामुळे त्या सगळ्या दुधातले सिझियम त्या एका किलोत येते, आणि मुलांच्या पोटात जाते ते लोणी नव्हे, हे भुकटीचे दूध. भुकटीचा नमुना आम्ही त्याच रात्री लावला. भुकटीचा आकडा आणि तिच्यापासून कालवलेल्या दुधाचा आकडा अहवालात वेगवेगळे लिहिण्याची पद्धत आम्ही तेव्हापासून पाळली.