लिबर्टीत जायचं ते अर्धा तास आधी

शनिवार, दुपार. मरीन लाइन्स.

बॉम्बे हॉस्पिटलच्या शेजारी लिबर्टी, मुंबईतलं जुनं सिनेमा थिएटर. निघण्याआधी खेळ किंवा कार्यक्रम आहे का, ते विचारून घ्यावं. बहुतेक जुन्या एकपडदा थिएटरांचं आता असंच झालंय.

1949 मध्ये ‘अंदाज’ लावून हे थिएटर उघडलं. रीगल, इरॉस, मेट्रो ही तेव्हा इंग्रजी चित्रपटांची थिएटरं. हे हिंदीसाठी बांधलेलं, तेही त्याच थाटात. नाव अर्थात नव्या स्वातंत्र्याचं. ‘हम आपके हैं कौन’ इथे शंभराहून जास्त आठवडे चालला.

आतली सजावट वामन नामजोशींची. जयपूरचं राजमंदिर थिएटरही त्यांचंच, पण तिथे अलंकार जरा जास्त झालेत. लिबर्टीत हात आवरलेला आहे. ते बघायलाच अर्धा तास आधी जायचं. जागा बाल्कनीत, मधली घ्यावी. पडद्याच्या दोन्ही बाजूंना प्लास्टरची कारंजी आहेत, उसळता उसळता गोठल्यासारखी. खाचांमधले दिवे दिसत नाहीत, त्यांचा उजेड तेवढा प्लास्टरवरून घसरत येतो. एक दिवा गेला आणि पिवळ्यांच्या रांगेत कुणी पांढरा बसवला, की तेवढाच पट्टा चुन्यासारखा दिसतो. खेळाआधी दिवे हळूहळू मंद व्हायला हवेत. खटकन घालवले तर डोळे अंधाराला सरावत नाहीत आणि सुरुवातीची दृश्यं काळी वाटतात.

अशा प्लास्टरचा खरा शत्रू ओल. समुद्र जवळ, त्यात छत गळलं तर आधी डाग, मग फुगवटा, मग पापुद्रे. वरून रंग मारून भागत नाही. गळती आधी थांबवावी लागते.

फिल्मची जुनी प्रिंट लागली तर पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात लक्ष ठेवावं. 2000 फुटांचं रीळ सेकंदाला 24 चित्रांच्या वेगानं साधारण 22 मिनिटं चालतं. ते संपत आलं की तिथे ठिपका चमकतो: ऑपरेटर दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर चालू करतो. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, आणि यंत्र बदलतं. हात चुकला तर पांढरा पडदा, आणि मग पिटातून शिट्ट्या.

फोटो काढताना फ्लॅश बंद. समोरून उजेड पडला की सावल्या जातात आणि कारंजं भिंतीला चिकटवलेल्या पुठ्ठ्यासारखं दिसतं.