पॅसेजमधली सायकल

आमच्या समोरच्या फ्लॅटबाहेर पॅसेजमध्ये एक सायकल असते. मी इथे राहायला आलो तेव्हा ती तीनचाकी होती, मग छोटी लाल दोनचाकी आली, मागे आधाराची दोन चाकं लावलेली, मग त्यातलं एक चाक वाकडं झालं, आणि एक दिवस दोन्ही गायब. म्हणजे समोर एक मूल आहे आणि ते सायकल शिकलं. ही सगळी बातमी मला सायकलनेच दिली. मुलाला (का मुलीला, तेही माहीत नाही) मी अजून बघितलेलं नाहीये.

यात कोणी माणूसघाणं आहे असं नाही हो. ते लोक तळघरातल्या पार्किंगमधून लिफ्टने थेट वर येतात, मीही तसाच येतो. दार ते गाडी, गाडी ते दार, मधे कुणी भेटावं अशी जागाच नाही. लिफ्टमध्ये भेटतात म्हणा, पण तिथे सगळे दारावरच्या आकड्यांकडे असे बघत उभे असतात की रिझल्ट लागतोय जणू.

आणि या लिफ्टने तर अख्ख्या शहराची उतरंड फिरवली. १८५७ साली न्यूयॉर्कमधल्या एका पाचमजली दुकानात ओटिस कंपनीची माणसं वाहणारी लिफ्ट बसली, त्याआधी जिने चढणं म्हणजे शिक्षाच, त्यामुळे पॅरिसच्या जुन्या बिल्डिंगांमध्ये श्रीमंत खालच्या मजल्यांवर आणि मोलकरणी पार छपराखालच्या खोल्यांत. लिफ्ट आली आणि तेच छप्पर पेंटहाऊस झालं! बरं, जुनं ते सगळं गोड असं मी म्हणत नाहीये, त्या मोलकरणींना बऱ्याच ठिकाणी मागचा वेगळा जिना असायचा, म्हणजे एका छपराखाली राहूनही भेट नाहीच.

पण जिना ही चीज भारी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या लग्न झालेल्या विद्यार्थ्यांच्या वसाहतीत लिऑन फेस्टिंगर हा मानसशास्त्रज्ञ आणि मंडळींनी कोणाची कोणाशी मैत्री होते ते तपासलं, तर सगळ्यात जास्त मैत्री शेजारच्या दाराशी, आणि खाली जिन्याच्या तोंडाशी राहणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर ओळखी जास्त. आपण समजतो स्वभाव जुळले, जुळलेला असतो तो जिना.

मग मुद्दाम भेटायची जागा बांधली तर? तेही करून झालंय. अमेरिकेत सेंट लुईसला १९५०च्या दशकात प्रुइट-आयगो नावाची ३३ बिल्डिंगांची वसाहत उभी राहिली, प्रत्येक ११ मजल्यांची. वास्तुविशारद मिनोरू यामासाकी. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबायचीच नाही, ठराविक मजल्यांवर उतरायचं, तिथे लांबरुंद गॅलरी, तिथे पोरं खेळतील, आया गप्पा मारतील अशी कल्पना, आणि मग जिन्याने आपापल्या घरी. कागदावर काय सुंदर! प्रत्यक्षात त्याच गॅलऱ्यांमधून जायला लोक घाबरायला लागले. १९७२ पासून बिल्डिंगा सुरुंग लावून पाडल्या. सगळं खापर डिझाइनवर फोडतात ते मला पटत नाही. देखभालीला पैसा नव्हता, आणि ज्यांना जमेल ते, मुख्यतः गोरे, शहर सोडून बाहेरच्या उपनगरांकडे चालले होते, कामधंदेही त्यांच्यामागे. शहर पसरतं म्हणजे असं पसरतं, मधलं पोकळ करत. आणि ती उपनगरं तरी सगळ्यांची होती का, तर १९४७ साली न्यूयॉर्कजवळ सुरू झालेल्या लेविटाउनच्या सुरुवातीच्या करारात गोऱ्यांखेरीज कुणाला राहता येणार नाही असं चक्क कलमच होतं. हिरवळ सगळ्यांच्या दारात, पण दार कोणाचं ते आधीच ठरलेलं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते मात्र डोनाल्ड ॲपलयार्ड या शहररचनेच्या अभ्यासकाचं काम. १९६०च्या दशकाच्या शेवटी त्याने सॅन फ्रान्सिस्कोतले तीन सारखेच रस्ते घेतले, फरक फक्त रहदारीचा. दिवसाला २,००० गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर माणसाला त्याच रस्त्यावरचे सरासरी ३ मित्र, १६,००० वाल्यावर ०.९, म्हणजे पुरता एकही नाही. त्याने लोकांना विचारलं, तुमचं घर, तुमची हद्द कुठपर्यंत, दाखवा. शांत रस्त्यावरच्यांनी रस्त्यासकट सगळं आपलं म्हणून दाखवलं, गजबजलेल्या रस्त्यावरच्यांचं ‘आपलं’ स्वतःच्या बिल्डिंगपर्यंत, कधी फक्त फ्लॅटपर्यंत.

मी मनातल्या मनात माझी रेघ काढून बघितली. पायपुसण्याच्या अलीकडेच संपली. समोरच्यांची मात्र सायकलभर पुढे आलेली आहे.

मागच्या महिन्यात खाली नोटीस लागली, कॉमन पॅसेजमध्ये वैयक्तिक सामान ठेवू नये. आग लागली तर वाट मोकळी हवी, बरोबरच आहे, मला वाद घालता येत नाही. चार दिवस तिथे नुसती फरशी, आणि भिंतीवर हँडल घासून झालेला काळा डाग. त्या डागाकडे मी लिफ्टची वाट बघत रोज बघायचो, आणि चक्क चुकल्यासारखं वाटायचं, ज्याचं तोंडही पाहिलं नाही त्याच्यासाठी!

पाचव्या दिवशी संध्याकाळी बाहेर घंटी वाजली, दाराची नाही, सायकलची. दोनदा. मी दाराच्या भिंगाला डोळा लावला तर मागचं चाक तेवढं दिसलं, लिफ्टमध्ये शिरताना. कडी काढेपर्यंत आकडे खाली निघाले होते, बारा, अकरा, दहा.