आत्याचा सत्कार: दिवाळे गाव ते तलावपाळी

मार्चमधला रविवार. दुपारी दीड वाजता आमच्या दिवाळे गावाजवळच्या बेलापूर स्टेशनच्या बाकावर आत्या बसली होती. डाळिंबी नऊवारी, अबोलीचा गजरा, मांडीवर पिशवी. महिला दिनानिमित्त ठाण्यातल्या एका मंडळाने सात कर्तबगार बायकांचा सत्कार ठेवला होता आणि त्या सातांत आत्या होती. आत्या धवलारीण आहे. आगरी-कोळी वस्तीबाहेरच्यांसाठी सांगते: आमच्याकडे लग्नात मांडवापासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीला धवले गातात, आणि ते गाणारी बाई म्हणजे धवलारीण. पूर्वी कित्येक घरांत लग्न लावायची तीच. आत्याने पन्नासेक वर्षांत किती लग्नं लावली ते तिला विचारलं तर ती म्हणते, "पोरं मोज, मग समजंल."

अशा सत्काराला घरातल्या कुणा म्हाताऱ्या बाईला घेऊन जायची वेळ बऱ्याच जणींवर येते. आम्ही ठेचा खात शिकलो, तुम्ही खाऊ नका, म्हणून हे लिहायला घेतलं.

सुरुवात गाडीपासून. बेलापूरहून ठाण्याला थेट जायचं तर पनवेल–ठाणे लोकल. नेरूळ आणि वाशीहून सुटणाऱ्या ठाणे गाड्यांच्या मानाने या कमी आहेत. मी वेळापत्रक न बघता निघाले आणि एक गाडी डोळ्यांदेखत गेली. "मिळेल त्या गाडीने नेरूळला जाऊ, तिथे बदलू," असं मी म्हटलं. आत्याने माझ्याकडे आणि जिन्याकडे आळीपाळीने पाहिलं. आम्ही बसूनच राहिलो. "येवढ्या वेलात मी उरणला जाऊन मासली घेऊन आली असती," हे तिचं त्यावरचं मत. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर थेट गाडीचीच वाट बघा, आणि रविवारी निघणार असाल तर शनिवारीच मेगाब्लॉक कुठे आहे ते पाहून ठेवा. एकदा गाडीत बसलं की पाऊण तासाच्या आसपास ठाणं येतं. ऐरोली आणि ठाण्याच्या मध्ये आता दिघा गाव स्टेशन आहे, २०२४ मध्ये सुरू झालेलं. जुन्या सवयीने ऐरोलीनंतर लगेच दाराशी जाऊन उभे राहाल तर फसाल.

खरी परीक्षा ठाण्यात. ट्रान्स हार्बरच्या, म्हणजे नवी मुंबईहून येणाऱ्या या मार्गाच्या, गाड्या नऊ-दहा नंबरला लागतात, म्हणजे पूर्वेच्या बाजूला. सत्काराचं सभागृह तलावपाळीला, म्हणजे तळ्याकाठी, पश्चिमेला. सगळे फलाट ओलांडून एक नंबरकडे यायचं म्हणजे पुलावरून चांगलीच पायपीट. लिफ्ट किंवा सरकता जिना कोणत्या पुलाला आहे ते उतरल्याबरोबर विचारून घ्या. गर्दीच्या लोंढ्यात सापडलात की लोंढा नेईल तिथे जावं लागतं. आम्ही दोनदा थांबत वीस मिनिटं घेतली. बाहेर आल्यावर सॅटिसच्या, म्हणजे स्टेशनसमोरच्या बसगाड्यांच्या, पुलाखालच्या रिक्षावाल्यांनी जवळचं भाडं ऐकून मान फिरवली. तिसऱ्याला आत्यानेच विचारलं, "तुजं लगीन झालं का रं?" तो हसला आणि घेऊन गेला. ही युक्ती सगळ्यांना जमेल असं नाही. चालता येत असेल तर जांभळी नाक्याकडून रमतगमत दहा-पंधरा मिनिटांचा रस्ता आहे. वाटेत कोपिनेश्वराचं दर्शनही होतं.

पत्रिकेत वेळ चारची होती. आम्ही साडेतीनला पोचलो तेव्हा सभागृहात खुर्च्या मांडणं चालू होतं. सव्वापाचला दीपप्रज्वलन झालं. यात मला नवल वाटलं नाही, तुम्हीही वाटून घेऊ नका. फक्त त्या पावणेदोन तासांची सोय करून जा: पाणी, चार बिस्किटं, दुपारची गोळी. मामलेदार मिसळ जवळच आहे, पण सत्काराच्या आधी नको. कमी तिखट मागितली तरी नाक पुसत मंचावर जाणं बरं दिसत नाही. परतताना खा. आणि सत्कारमूर्तींना पहिल्या रांगेत बसवायच्या आधी स्वच्छतागृहात नेऊन आणा. एकदा का त्या पहिल्या रांगेत बसल्या की कुणी त्यांना उठू देत नाही.

थांबून राहिल्याचा एक फायदा झाला. आत्याच्या शेजारच्या खुर्चीवर मराठी शिकवणाऱ्या निवृत्त प्राध्यापकबाई होत्या, त्याही सातांतल्याच. धवलारीण म्हटल्यावर त्या अशा वळल्या की पदर खुर्चीत अडकला. म्हणाल्या, मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आम्ही जी महदंबा शिकवतो, तेराव्या शतकातली, महानुभाव पंथातली, तिची रचना म्हणजे धवळेच. रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या निमित्ताने रचलेले. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"रिद्धपूर कंच्या बाजूला?"

"अमरावती जिल्ह्यात."

"मंग तितं हलद कशी लावतात?"

बाईंना हे सांगता येईना. त्यानंतर अर्धा तास आत्या बोलत होती आणि प्राध्यापकबाई पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर टिपून घेत होत्या. सबंध कार्यक्रमात सत्कार म्हणावा असं मला दिसलं ते हेच, आणि ते कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं.

पत्रिकेतलं जे होतं ते असं: स्वागतगीत, प्रास्ताविक, मग भाषणं. जिजाऊ, सावित्री, अहिल्यादेवी, आनंदीबाई. आनंदीबाई जोशी आपल्या कल्याणच्या, १८६५ चा जन्म, तेव्हा त्यांचं नाव निघणारच. पण ठाणे जिल्ह्यातल्या बायकांचा गौरव म्हणताना १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण कुणालाच झाली नाही, आणि मंचावर तर एक अंगणवाडी सेविका बसलेली! त्याच १९४५ साली वारली आदिवासींना वेठबिगारीविरुद्ध उभं करणाऱ्या गोदावरी परुळेकरांचंही नाव नाही. बोर्डी, कोसबाड, तलासरी २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेली म्हणून काय झालं, त्या बायका काही सीमारेषा बघून राबल्या नव्हत्या. असो.

आता मानपत्र. आत्याच्या मानपत्रावर छापलं होतं: "गृहिणी व समाजसेविका." धवलारीण हा शब्दच नाही. निवेदिकेने तेच वाचलं. मी कोपऱ्यातून हात हलवत होते, तिला वाटलं फोटो काढतेय. म्हणून पहिली गाठ मारून ठेवा: मानपत्राचा मजकूर छपाईला जाण्याआधी व्हॉट्सॲपवर मागवा आणि घरातल्या दोघांनी वाचा. रकमेचा चेक मिळणार असेल तर पासबुकावरचं नाव लिहून पाठवा. आत्याला सगळा गाव ज्या नावाने हाक मारतो त्या नावाचा चेक निघाला. त्या नावाचं खातं कुठल्याच बँकेत नाही. तो बदलून घ्यायला दोन फेऱ्या झाल्या.

मंचाच्या पायऱ्या चार होत्या, कठडा नव्हता. कार्यकर्त्याने आत्याचा दंड धरला तर तिने तो सोडवून घेतला आणि माझा खांदा धरला. तेव्हा आपल्यापैकी एकाने मंचापर्यंत जायचंच, कुणी अडवलं तरी. वर गेल्यावर शाल. मार्चमध्ये, पंखे बंद पडल्यासारख्या त्या हवेत, जाड कृत्रिम लोकरीची. दोनदा खांद्यावरून घसरली. पिशवीत दोन सेफ्टी पिना असू द्या. मग श्रीफळ. बाकीच्या सहा जणींनी नारळ छातीशी धरून फोटो काढले. आत्याने तो कानाशी नेला, हलवला, आणि शाल देणाऱ्या बाईंना म्हणाली, "पानी हाय." पहिल्या रांगेला ऐकू गेलं.

निवेदिका म्हणाली, "आत्याबाई, आमच्यासाठी दोन ओळी होऊन जाऊ देत."

आत्याने इकडेतिकडे पाहिलं. "नवरी कुठं हाय?"

सभागृह हसलं. आत्या हसली नाही. धवला वाऱ्यावर गायचा नसतो, त्यात नवरीचं नाव लागतं, आईबापाचं लागतं, गाव लागतं. ज्याची त्याला हाक घालून मांडवात बोलवायचं असतं. हे निवेदिकेला कुठून ठाऊक असणार? दोन क्षण माइकमध्ये नुसती खरखर. मग आत्या मागे वळली आणि खुर्च्यांवर बसलेल्या सहा जणींना एकेक करून विचारत गेली, "बाय, तुजं नाव काय? माहेर कुठलं?" रिक्षा चालवणारीचं मुरबाड, अंगणवाडीवालीचं वाडा, निवृत्त परिचारिकेचं देवगड. नाव, माहेर, पुढची. आणि माइक बाजूला सारून तिने सुरू केलं. ना ढोलकी, ना टाळ, वरच्या पट्टीत न चढणारा, एका जागी दळत राहणारा तो आवाज. मंचावरच्या बायका आधी अवघडल्या. मग आपलं नाव आणि त्यापाठोपाठ आपल्या माहेरचं गाव कानावर आलं तसा एकेकीचा चेहरा बदलत गेला. परिचारिका तर देवगड ऐकून रडलीच. प्राध्यापकबाईंचं माहेर सातारचं, आत्याने कोल्हापूर लावलं. त्यांनी हाताने "असू दे" केलं.

पाचवं नाव चालू होतं आणि मागचं दार उघडलं. प्रमुख पाहुणे आले. माइक हिसकावल्यासारखा घेत निवेदिका म्हणाली, "आपण सर्वांनी उभं राहून..." आणि पुढची पाच मिनिटं हारतुरे. ते आटोपल्यावर तिने मोठ्या मनाने आत्याला पुढे गायला सांगितलं. आत्या मान हलवून म्हणाली, "तुटला आता. तुटलेला जोरत नाय."

एक जण राहिली ती राहिलीच. मी घरी येईपर्यंत धुमसत होते. आत्या नाही, ती गाडीत झोपली. तुमच्या घरच्या बाईला काही बोलायचं किंवा गायचं असेल तर संयोजकांना आधीच विचारा, पाहुणे किती वाजता येणार आहेत? ते यायच्या कितीतरी आधी नाहीतर भाषण करून गेल्यावर, असा तिचा नंबर लावून घ्या. "बघू, करू" यावर थांबू नका. मी थांबले होते.

परतीला सात-सव्वासातची पनवेल गाडी मिळाली. ठाण्याहूनच सुटते, त्यामुळे दहा मिनिटं आधी गेलात तर लेडीज डब्यात जागा मिळते. काचेचं सन्मानचिन्ह जड असतं आणि त्याचा खोका बहुधा मंचावरच राहतो, म्हणून एक जुना टॉवेल न्या. आम्ही ते शालीतच गुंडाळलं, शालीचा तेवढा उपयोग झाला.

हे वाचून कुणाला आपल्या गावातल्या बाईचं नाव पुढे करावंसं वाटलं तर एक माहिती. २०२३ पासून राज्यात प्रत्येक ग्रामपंचायत आपल्या हद्दीतल्या दोन कर्तबगार महिलांना अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने पुरस्कार देते, ३१ मे या जयंतीच्या दिवशी. मुरबाड, शहापूर, भिवंडीकडच्यांनी ग्रामपंचायतीत आताच विचारून ठेवावं. आमच्या दिवाळ्याला त्याचा उपयोग नाही. आम्ही १९९२ पासून महापालिकेत.

आणि धवला ऐकायचा असेल तर सभागृहात जाऊ नका. एप्रिल-मेमध्ये दिवाळे, करावे, सारसोळे, ठाण्यात चेंदणी कोळीवाडा, कुठेही हळद असतेच. ओळखीचं घर धरा, यजमानीण बाईला विचारा, आणि मोबाइल धवलारणीच्या तोंडासमोर धरू नका. बसायला सांगतील तिथे बसा, हळद लावतील तिथे लावून घ्या. नव्या साडीत जाऊ नका, डाग निघत नाही.

प्राध्यापकबाई एप्रिलमध्ये आल्या. आमच्या शेजारच्या घरी हळद होती. पांढऱ्या साडीत आल्या, सांगूनही. रात्री अकराला आत्याने सुरू केलं ते दीड वाजला तरी चालू होतं. वही मांडीवर मिटून बाई नुसत्या ऐकत बसल्या होत्या. नवरीच्या मामी-मावश्यांची गावं घेता घेता आत्याने मध्येच त्यांच्याकडे पाहिलं, त्यांचं नाव घेतलं, आणि पुढे सातारा लावला.